सुरुवातीच्या जर्मन चित्रपट-अभिनेत्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रमंडळींना घरी बोलावून मूकपट दाखवायची मला जुनी हौस आहे. सिनेमा संपतो, दिवे लागतात, चहा येतो आणि प्रश्न सुरू होतात. दिग्दर्शकाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते हेच: "ही बाई कोण? पुढे काय झालं तिचं?" गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदाच सगळं नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

'सुरुवातीच्या' म्हणजे नेमक्या कधीच्या?

१ नोव्हेंबर १८९५ रोजी बर्लिनच्या विंटरगार्टन नाट्यगृहात स्क्लाडानोव्स्की बंधूंनी हलती चित्रं दाखवली. तिथून जर्मन सिनेमाची गोष्ट सुरू होते. पण ज्यांना आपण अभिनेत्री म्हणू अशा बायका पडद्यावर यायला आणखी दहाएक वर्षं गेली. इथे मी साधारण १९०६ ते १९३० या काळात नाव कमावलेल्यांबद्दल लिहितोय. त्यांची आयुष्यं मात्र पुढे बरीच चालली, काहींची तर १९९६ पर्यंत.

या सगळ्या जर्मन होत्या का?

नाही, आणि हे कळलं की लोकांना हमखास आश्चर्य वाटतं. आस्टा नील्सन डॅनिश. पोला नेग्री पोलंडची. मिया माय व्हिएन्नाची. लिया दे पुटी हंगेरियन. लिल डागोव्हर जन्मली जावा बेटावर, लिलियन हार्वी लंडनमध्ये. फर्न आंद्रा तर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली, सर्कशीतल्या तारेवर चालणारी पोर. ती जर्मनीत येऊन नायिका आणि निर्माती झाली.

मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. मधल्या पाट्या बदलल्या की तोच सिनेमा वॉर्सात चालायचा, कोपनहेगनमध्ये चालायचा, न्यूयॉर्कमध्येही. नटीचे उच्चार कसे आहेत याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. बर्लिनमध्ये पैसा होता, स्टुडिओ होते, म्हणून सगळीकडून माणसं तिथे आली.

पहिली जर्मन तारका कोण?

हेनी पोर्टेन. तिची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण प्रेक्षकांना नटीचं नाव हवंसं वाटायला लागलं ते तिच्यापासून.

ती १८९० साली मागडेबुर्गमध्ये जन्मली. वडील फ्रान्झ पोर्टेन ऑपेरा गायक. १९०६ मध्ये निर्माता ओस्कार मेस्टर 'टोनबिल्ड' नावाचा प्रकार करत होता: ग्रामोफोनवर आधीच मुद्रित केलेलं गाणं लावायचं आणि कॅमेऱ्यासमोर नटांनी त्यावर ओठ हलवायचे. प्लेबॅकवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे समजवावं लागत नाही! सोळा वर्षांची हेनी वडील आणि बहिणीसोबत अशा चित्रफितींमध्ये उभी राहू लागली. नाव कुठेच नाही. पडद्यावर नाही, जाहिरातीतही नाही. त्या काळी नटांची नावं छापायची पद्धतच नव्हती.

मग १९११ साली 'आंधळीचं प्रेमसुख' अशा अर्थाच्या नावाचा छोटा चित्रपट आला. कथा लिहिली होती हेनीच्या बहिणीने, रोझाने. तो पाहून लोक थिएटरवाल्यांना विचारू लागले: ती सोनेरी केसांची आंधळी मुलगी कोण? तिचे आणखी सिनेमे आहेत का? मेस्टरने मागणी ओळखली आणि हेनी पोर्टेन हे नाव पुढे केलं. माझ्या घरी चहा घेताना जो प्रश्न येतो, तोच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीतल्या प्रेक्षकांनी विचारला होता. हे लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला.

पुढची वीस वर्षं ती जर्मनीची घरची मुलगी होती. दिग्दर्शक कुर्ट श्टार्कशी तिने १९१२ मध्ये लग्न केलं. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, तो आघाडीवर मारला गेला. १९२० मध्ये दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचच्या दोन चित्रपटांत तिने जे केलं त्यावरून तिचा आवाका दिसतो. एकात ती शिरच्छेदाला सामोरी जाणारी राणी अ‍ॅन बोलीन. दुसऱ्यात, 'कोलहीझेलच्या मुली'मध्ये, एका खानावळवाल्याच्या दोन मुली, एक लाडिक आणि एक भांडखोर, दोन्ही हेनीच. भांडखोर बहीण एमिल यानिंग्जसारख्या धिप्पाड नटाला खोलीभर घुमवते तेव्हा आमच्याकडे लहान मुलं पोट धरून हसतात.

मग आस्टा नील्सन मोठी की हेनी पोर्टेन?

दोघींची तुलना त्या काळातही चालायची. मला स्वतःला विचाराल तर अभिनेत्री म्हणून आस्टाच्या जवळपास कुणी येत नाही.

१८८१ साली कोपनहेगनमध्ये गरीब घरात जन्म. वडील लवकर गेले. विशीच्या सुरुवातीला, लग्न न करता, मुलीची आई झाली आणि तिला वाढवत नाटकात कामं करत राहिली. रंगभूमीवर चांगल्या भूमिका मिळेनात. शेवटी १९१० मध्ये ऊर्बान गाड नावाच्या तरुण दिग्दर्शकाबरोबर 'दरी' अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट केला, जेमतेम आठवडाभरात. त्यात एक नाच आहे. ती पुरुषाला दोरीने बांधते आणि त्याच्याभोवती, त्याला खेटून नाचते. आज पाहतानाही खोलीत एकदम शांतता पसरते.

पण त्या नाचापेक्षा मला तिचं गप्प बसणं महत्त्वाचं वाटतं. त्या काळचे बहुतेक नट कॅमेऱ्यासमोर नाटकातल्यासारखे हात उंचावत, छाती बडवत. आस्टाने ओळखलं की कॅमेरा जवळ आहे, त्याला एवढं ओरडून सांगायची गरज नाही. ती खुर्चीत बसून पत्र वाचते, पापणी किंचित खाली येते, आणि बातमी वाईट आहे हे आपल्याला कळतं. त्यावेळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. ओठ काळे पडत, निळे डोळे पांढुरके दिसत. आस्टाचे मोठे काळेभोर डोळे अशा फिल्मवर विलक्षण उठून दिसायचे.

१९११ मध्ये ती जर्मनीत आली. बाबेल्सबेर्गचा जगप्रसिद्ध स्टुडिओ आहे ना, त्याच्या पहिल्या काचघरात पहिला चित्रपट फेब्रुवारी १९१२ मध्ये सुरू झाला तो आस्टाचाच, 'मृत्यूचं नृत्य'. १९२१ मध्ये तिने स्वतःच्या कंपनीतर्फे 'हॅम्लेट' केला आणि हॅम्लेट स्वतः झाली. नुसता पुरुषवेश नाही: या कथेत राजपुत्र ही जन्माने मुलगीच असते, गादीला वारस हवा म्हणून मुलगा म्हणून वाढवलेली. त्यामुळे हॅम्लेटचा प्रत्येक संकोच, मित्र होरेशिओकडे टाकलेला प्रत्येक कटाक्ष वेगळा अर्थ घेऊन येतो.

नट्यांना एकाएकी एवढं महत्त्व का आलं? प्रेक्षकांना आवडल्या, एवढंच?

प्रेक्षकांची आवड होतीच, पण मागे व्यापारही होता. आधी चित्रपट कापडासारखे मीटरवर विकले जात. थिएटरवाला दहा-बारा छोटे तुकडे एकत्र करून कार्यक्रम करायचा. कुठला तुकडा कुठे चालतोय याचा हिशेब नसे. १९१०-११ च्या सुमारास नवी पद्धत आली. एका गावात एक चित्रपट एकाच थिएटरला मिळणार, आणि त्या मक्तेदारीसाठी जास्त पैसे मोजावे लागणार. एवढे पैसे थिएटरवाला का देईल? शेजारच्या थिएटरात नाही असं काहीतरी त्याच्याकडे असेल तरच. आस्टा नील्सनचा नवा चित्रपट हे ते 'काहीतरी' होतं. पाउल डाव्हिडसन या व्यावसायिकाने तिच्या चित्रपटांच्या मालिकाच आधीच जाहीर करून विकल्या. चित्रपट बनायच्या आधी नायिकेच्या नावावर विक्री झाली, ती तिथे.

यातून काही जणींच्या हाती ताकदही आली. आस्टाची कंपनी होती, हेनीने १९२४ मध्ये दिग्दर्शक कार्ल फ्रोएलिशबरोबर स्वतःच्या नावाची कंपनी काढली, फर्न आंद्रा स्वतःच निर्माती होती. डिसेंबर १९१७ मध्ये ऊफा ही अवाढव्य कंपनी स्थापन झाली आणि मग हळूहळू सूत्रं तिच्याकडे गेली.

लुबिचच्या विनोदी मूकपटांतली ती खट्याळ मुलगी कोण?

ओसी ओस्वाल्डा. १९१८ च्या चित्रपटात ती कोट-टोपी घालून पुरुष बनून नाचाच्या समारंभाला जाते, १९१९ मध्ये ती अमेरिकन शिंपलीसम्राटाची हट्टी लेक होते आणि त्याच वर्षी चावीवर चालणारी बाहुलीही. अमेरिकेच्या लाडक्या मूकपट-नटीवरून तिला जर्मनीची मेरी पिकफर्ड म्हणत. मला ते पटत नाही, कारण ओसीत जी दंगेखोर भूक आहे ती मेरी पिकफर्डमध्ये नाही. ती खाते, पिते, वस्तू फोडते, टेबलाखाली लोळते, आणि कॅमेरा तिला कुठेच शिक्षा करत नाही.

बोलपट आल्यावर तिला फारसं काम राहिलं नाही. १९४७ मध्ये प्रागमध्ये, हलाखीत, पन्नाशीच्या आसपास ती वारली.

लुबिचची दुसरी नायिका पोला नेग्री. 'मादाम द्यू बारी'चा पहिला खेळ १९१९ च्या सप्टेंबरात बर्लिनच्या ऊफा-पालास्टमध्ये झाला. पुढच्या वर्षी हा चित्रपट अमेरिकेत नवं नाव घेऊन गेला, महायुद्धातल्या शत्रूचा सिनेमा असूनही तिथे धो धो चालला. १९२२ मध्ये पोला हॉलिवूडला गेली; युरोपातून तिथे बोलावून नेलेल्या पहिल्या मोठ्या तारकांपैकी ती एक.

'मेट्रोपोलिस'मधला रोबो: आत खरंच नटी होती का?

होती. ब्रिगिटे हेल्म. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलाय.

फ्रिट्झ लांगच्या या चित्रपटाचं काम मे १९२५ ते ऑक्टोबर १९२६ एवढं लांबलं. सुरुवात झाली तेव्हा ब्रिगिटे विशीच्या आत होती आणि हा तिचा पहिलाच चित्रपट. मारिया नावाची साध्वी मुलगीही तीच आणि तिची नक्कल करणारी यंत्रस्त्रीही तीच. शिल्पकार वाल्टर शुल्झे-मिटेनडोर्फने तिच्या शरीराचा साचा घेऊन लाकडाच्या लगद्यासारख्या मिश्रणातून तो धातूसारखा दिसणारा पोशाख घडवला. तो वाकत नसे, अंगाला टोचायचा, खरचटायचं. त्या पोशाखात तोंड दिसत नाही. दुसरं कुणीही उभं राहिलं असतं तरी चाललं असतं असं आपल्याला वाटतं. लांगला ते चाललं नाही. पुराच्या प्रसंगात पाण्यात उभं राहणं, जाळण्याच्या प्रसंगात खऱ्या ज्वाळांजवळ उभं राहणं, सगळं तिनेच केलं.

चित्रपट १० जानेवारी १९२७ ला लागला, आणि ऊफाला ब्रिगिटेमध्ये फक्त ती नाचणारी, पुरुषांना भुलवणारी यंत्रस्त्रीच दिसू लागली. त्याच धाटणीच्या भूमिका येत राहिल्या. ती वैतागली, कंपनीशी कोर्टात भांडली. निकाल तिच्या बाजूने लागला नाही आणि खर्च मात्र अंगावर पडला. १९३५ मध्ये तिने काम थांबवलं, उद्योगपती हुगो कुनहाइमशी संसार केला (ते ज्यू वंशाचे होते) आणि जर्मनी सोडून स्वित्झर्लंडला गेली. चार मुलं झाली. १९९६ मध्ये आस्कोनात तिचं निधन झालं. मधल्या साठ वर्षांत जगभरचे अभ्यासक तिच्या दारात गेले; सिनेमाबद्दल बोलायला तिने नकार दिला. काही जण याला विक्षिप्तपणा म्हणतात. मला तो तिचा हक्क वाटतो.

बोलपट आल्यावर या सगळ्या संपल्या का?

सगळ्या नाही. आस्टाने १९३२ मध्ये एकच बोलपट केला आणि थांबली, आवाज चांगला असूनही. तेव्हा ती पन्नाशीत होती. त्या वयाच्या बाईसाठी कथा कोण लिहिणार होतं? याउलट एलिझाबेथ बेर्गनर रंगभूमीवरची, शब्दांवर पकड असलेली, तिला आवाज मिळाल्याने फायदाच झाला. लिलियन हार्वीचं तर नशीबच उघडलं. सुरुवातीला डबिंग नव्हतं, त्यामुळे तोच सेट, तेच कपडे ठेवून चित्रपट जर्मन, इंग्रजी, फ्रेंच असा दोन-तीनदा चित्रित होई. लिलियनला तिन्ही भाषा येत होत्या. बाकी नट बदलायचे, ती तीच राहायची.

मार्लीन डीट्रिचबद्दल वेगळं लिहायची गरज नाही, ती सगळ्यांना माहीत आहे. एवढंच सांगतो की ती 'अचानक' सापडली नव्हती. 'निळी परी' हा चित्रपट १ एप्रिल १९३० रोजी लागला, त्याआधी सात-आठ वर्षं ती बर्लिनच्या मूकपटांत कामं करत होती. त्याच रात्री ती अमेरिकेला निघाली.

१९३३ नंतर काय झालं?

इथे प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज खाली येतो, माझाही येतो.

हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी चित्रपट-मंडळ स्थापन झालं. त्याचं सदस्यत्व नसेल तर काम नाही, आणि ज्यूंना सदस्यत्व नाही. एका नियमाने शेकडो माणसांचा धंदा बंद झाला. बेर्गनर लंडनला स्थायिक झाली. नर्तिका-नटी व्हालेस्का गेर्ट न्यूयॉर्कला गेली आणि तिथे तिने बार चालवला. मिया माय आणि तिचा दिग्दर्शक नवरा जो माय हॉलिवूडला गेले. एके काळी आठ भागांचा 'जगाची स्वामिनी' करणारी मिया! तिने १९२४ मध्ये मुलगी एफाच्या आत्महत्येनंतरच अभिनय सोडला होता. लॉस एंजेलिसमध्ये या जोडप्याने १९४९ मध्ये व्हिएन्नी जेवणाचं हॉटेल काढलं, तेही चाललं नाही.

डोरा गेर्सनचं नाव फार थोड्यांना माहीत असतं. १९२० च्या सुमारास तिने मूकपटांत कामं केली, मग कॅबरेत गाऊ लागली. काही काळ ती नट फाइट हार्लानची बायको होती. १९३३ नंतर तिला फक्त ज्यू प्रेक्षकांसमोर गाता येई. ज्यू रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या तिच्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात. ती नेदरलँड्सला गेली, दुसरं लग्न केलं, दोन मुलं झाली. नाझी तिथेही पोचले. १९४२ मध्ये स्वित्झर्लंडकडे निसटायच्या प्रयत्नात सगळं कुटुंब पकडलं गेलं. १४ फेब्रुवारी १९४३ रोजी आउश्वित्झमध्ये तिला, नवऱ्याला आणि दोन्ही लेकरांना मारण्यात आलं. तिचा पहिला नवरा हार्लान तोवर दिग्दर्शक झाला होता आणि नाझींसाठी त्याने सर्वांत विखारी ज्यूद्वेषी चित्रपट बनवला होता.

आणि हेनी पोर्टेन. तिने १९२१ मध्ये विल्हेल्म फोन काउफमान या डॉक्टरशी दुसरं लग्न केलं होतं. ते ज्यू वंशाचे होते. ती सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, नाझींना जाहिरातीत हवी तशी 'जर्मन स्त्री'. घटस्फोट घेतला असता तर सगळे दरवाजे उघडले असते. तिने घेतला नाही. देश सोडायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही: अशी लाडकी नटी बाहेर गेली तर जगात काय दिसेल? कामं जवळजवळ बंद झाली. फ्रोएलिश, तिचा जुना भागीदार, आता त्याच चित्रपट-मंडळाचा अध्यक्ष होता. त्याने अधूनमधून भूमिका दिल्या. १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनमधलं घर गेलं, आणि ज्यू माणसाला आसरा द्यायला बंदी असल्याने जर्मनीची पहिली तारका नवऱ्यासह रस्त्यावर आली.

दोघंही वाचले. पण पश्चिम जर्मनीत तिला काम मिळेना. १९५४-५५ मध्ये तिने पूर्व जर्मनीच्या सरकारी स्टुडिओत दोन चित्रपट केले, तर पश्चिमेच्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. १९६० मध्ये ती बर्लिनमध्ये वारली.

म्हणजे सगळ्याच नाझींच्या विरोधात होत्या?

नव्हत्या. लिल डागोव्हर काम करत राहिली, १९३७ मध्ये तिला सरकारी किताबही मिळाला. लेनी रीफेनश्टाल, जी १९२६ मध्ये पर्वतपटातली नायिका म्हणून आली होती, ती पुढे हिटलरच्या प्रचारपटांची दिग्दर्शक झाली. पोला नेग्री १९३५ मध्ये हॉलिवूडहून जर्मनीत परत येऊन चित्रपट करून गेली. आस्टाला नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने स्वतंत्र निर्मितीसंस्था देऊ केली होती. ती नाकारून डेन्मार्कला परतली. युद्धाच्या काळात तिच्या पैशांतून जर्मनीतल्या ज्यू लोकांना अन्नाची पार्सलं जात. भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर क्लेम्पेरर हे त्यांतले एक.

या बायका फक्त पडद्यावरच होत्या का?

रोझा पोर्टेनचा उल्लेख वर आला. ती नुसती लेखिका नव्हती. नवरा फ्रान्झ एकश्टाइनबरोबर ती चित्रपट दिग्दर्शितही करत होती आणि दोघं मिळून 'डॉक्टर पोर्टेग' असं टोपणनाव लावत. डॉक्टर म्हटल्यावर लोकांना पुरुष वाटायचा. आता कुठे अभ्यासक तिचं काम वेगळं काढून पाहू लागलेत.

भारताशी, महाराष्ट्राशी यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि अगदी घराजवळचा.

मिया मायच्या मोठ्या चित्रपटांपैकी एक म्हणजे १९२१ चा दोन भागांचा 'भारतीय समाधी'. महाराजा झाला होता कॉनराड फाइट, आणि 'भारत' उभा केला होता बर्लिनजवळच्या वोल्टर्सडोर्फ गावात. मूळ कादंबरी थेआ फोन हार्बूची. थेआ आधी रंगभूमीवर अभिनेत्री होती, नंतर फ्रिट्झ लांगची बायको आणि 'मेट्रोपोलिस'ची लेखिका. लांगशी घटस्फोट झाल्यावर तिने लग्न केलं ते आयी गणपत तेंडुलकरांशी! बेळगावजवळच्या बेळगुंदीचे हे तरुण बर्लिनमध्ये पत्रकारिता करत होते, वयाने तिच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. नाझी राजवटीत अशा लग्नाला मान्यता मिळणं शक्य नव्हतं म्हणून ते गुपचूप झालं. आणि तरीही हीच थेआ नाझी पक्षाची सदस्य होती, हे मी लपवणार नाही. मला हा गुंता सुटलेला नाही. युद्ध सुरू व्हायच्या सुमारास तेंडुलकर परत आले, बेळगावात पत्रकारिता आणि स्वातंत्र्य चळवळीत पडले, तुरुंगात गेले. १९४५ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या साक्षीने त्यांनी इंदुमती गुणाजी यांच्याशी लग्न केलं.

दुसरा धागा देविका राणींचा. हिमांशु राय यांच्याबरोबर त्या बर्लिनला गेल्या, ऊफाच्या स्टुडिओत काम शिकल्या. १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली तेव्हा दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन आणि कॅमेरामन जोसेफ विर्शिंग हे जर्मनीचेच होते. देविका राणींच्या चेहऱ्यावर जो मऊ प्रकाश पडतो तो बर्लिन-म्युनिकमधून मालाडला आलेला आहे.

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं?

हेनीचं नाव जर्मनीत गाजू लागल्यानंतर दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना. साळुंके नावाच्या तरुणाने ती भूमिका केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला (पुढच्या कमलाबाई गोखले) पडद्यावर आल्या. जर्मनीतही प्रतिष्ठित घरातल्या मुलींनी 'किनो'त, म्हणजे सिनेमात, जाऊ नये असं मानत, पण दुर्गाबाईंना जे ऐकून घ्यावं लागलं त्याची बरोबरी होणार नाही.

हे चित्रपट आज कुठे आहेत?

बरेचसे कुठेच नाहीत. त्या वेळची फिल्म नायट्रेटची. ती भडकन पेटते, आणि न पेटताही हळूहळू चिकट होऊन तिचा भुगा होतो. त्यात बोलपट आल्यावर मूकपटांना किंमत राहिली नाही, मग बॉम्ब पडले. आपल्याला हे नवीन नाही: जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत कितीतरी जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. डोरा गेर्सनच्या १९२० च्या दोन चित्रपटांपैकी एकही उरलेला नाही.

कधी कधी मात्र हरवलेलं सापडतं. 'मेट्रोपोलिस'ची जवळजवळ पूर्ण प्रत २००८ साली ब्वेनोस आयरेसमध्ये मिळाली. ओरखडे पडलेली, आकाराने लहान फिल्मवर उतरवलेली, पण आठ दशकं कुणी न पाहिलेले प्रसंग त्यात होते. आस्टाच्या 'हॅम्लेट'ची रंग दिलेली प्रतही सापडली आणि २००७ मध्ये दुरुस्त होऊन दाखवली गेली.

सुरुवात कुठून करू?

आधी ओसीचा 'शिंपल्यांची राजकन्या'. तासाभराचा आहे आणि मूकपट कंटाळवाणे असतात हा समज पहिल्या दहा मिनिटांत जातो. मग आस्टाचा १९१० चा 'दरी', तो पाऊण तासाच्या आत संपतो. त्यानंतर १९२५ चा 'आनंदहीन गल्ली': महागाईने पिळलेलं व्हिएन्ना, खाटकाच्या दुकानासमोरची रांग, आणि एकाच चित्रपटात त्रेचाळीस वर्षांची आस्टा नील्सन आणि एकोणीस वर्षांची ग्रेटा गार्बो. 'मेट्रोपोलिस' शेवटी ठेवा, सुट्टीच्या दिवशी, अडीच तासांची तयारी करून.

एक तांत्रिक सूचना. त्या वेळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रं. इंटरनेटवरच्या पुष्कळ प्रती २४ च्या वेगाने चालवलेल्या असतात, म्हणून माणसं दुडुदुडु पळताना दिसतात आणि लोक हसतात. प्लेअरमध्ये वेग पाऊणपट करा. आस्टा पत्र उघडते तो प्रसंग पुन्हा लावा आणि तिचे हात पाहा.